पिठाची विरी

आज पहाटे सव्वापाचला उठले आणि नळाला पाणी यायच्या आधीचा अर्धा तास प्रभूजवळ बसले. हा अर्धा तास लग्न झाल्यापासून माझा आहे, म्हणजे होता, गेले दोनेक महिने तो माझा राहिला नव्हता हे आज लिहूनच टाकते. बायबल उशाशी असायचं पण हातात मोबाईल आणि मोबाईलमध्ये कॅल्क्युलेटर. मार्चअखेर यांचं एमआयडीसीतलं कॉन्ट्रॅक्ट संपलं, पुढे वाढवलं नाही, अठरा वर्षं लेथवर उभं राहिलेल्या माणसाला गेटवर एका वाक्यात सांगितलं आणि तेव्हापासून मी रात्री हिशेब करत बसते. बँकेत एवढे, माझ्या ट्यूशनचे एवढे, मुलीच्या नर्सिंगच्या ॲडमिशनला एवढे लागणार, सासूबाईंच्या गोळ्या, गॅस, घरभाडं. बेरीज रोज तीच येते तरी रोज करायची. आणि मग पहाटे डोळे उघडत नाहीत, उघडले तरी प्रार्थनेला शब्द सुचत नाहीत, म्हणून भाजी चिरता चिरता युट्यूबवर कुणाचं तरी प्रवचन लावायचं आणि आजची उपासना झाली म्हणायचं. वाईट नाही ते, प्रवचनं चांगली असतात, पण दुसऱ्याने केलेल्या प्रार्थनेवर किती दिवस जगणार.

लिहायला बसले ते परवाच्या भाकरीमुळे.

झालं असं की एप्रिलमध्ये मी दहा किलो ज्वारी एकदम दळून आणली. जामखेडची मालदांडी, चांगली टपोरी. गिरणी आमच्यापासून लांब, ऊन फार, आणि खरं सांगायचं तर डबा गच्च भरलेला दिसला की जीवाला बरं वाटायचं, महिनाभराची तरी काळजी मिटली असं. पहिले आठ-दहा दिवस भाकरी छान झाल्या. मग कडेला चिरा पडायला लागल्या. परवा तर थापतानाच तुकडे, परातीत जोडायची, उचलून तव्यावर टाकेपर्यंत मधूनच दुभंगायची, पाणी फिरवायला हात नेला तर बोटाबरोबर पीठ निघून यायचं. मी उकळतं पाणी घातलं, जोर लावून मळलं, काही उपयोग नाही. सासूबाई दारात खुर्चीवर बसून बघत होत्या. त्या म्हणाल्या, "अगं, विरी गेली त्याची. पीठ साठवत्यात व्हय? ज्वारी साठवायची, पीठ लागंल तसं दळायचं."

विरी हा शब्द आजकालच्या मुलींना माहीत असेलच असं नाही. ज्वारीच्या पिठात जो धरून ठेवणारा चिकटपणा असतो, ज्यामुळे भाकरी हातावर वाढते आणि तुटत नाही, ती विरी. पीठ ताजं असलं की असते, जुनं झालं की जाते. पिठाला वास येत नाही, रंग बदलत नाही, डब्यात बघून कळतच नाही. थापायला घेतलं की कळतं.

मी तिथेच परातीपुढे बसून राहिले, डोळ्यात पाणी आलं. भाकरीसाठी नाही. मला माझंच दिसलं त्यात. माझा डबापण भरलेलाच आहे ना, लहानपणापासून पाठ केलेली स्तोत्रं, संडे स्कूलची बक्षिसं, कितीतरी वर्षांच्या साक्षी, धाकटीच्या वेळेला ऑपरेशन थिएटरमध्ये देवाने कसं राखलं ती साक्ष तर मी महिला मंडळात चारदा दिली असेल. सगळं आहे. पण ते सगळं मागे कधीतरी दळलेलं. यांची नोकरी गेली, थापायची वेळ आली, आणि हातात तुकडे.

योगायोग म्हणणार नाही मी याला, पण या आठवड्यात आमच्या वाचनात बायबलमधलं निर्गमाचं पुस्तक चालू आहे, सोळावा अध्याय, मान्नाचा, म्हणजे मिसरमधून (इजिप्तमधून) सुटून निघालेल्या इस्राएल लोकांना देवाने वाळवंटात रोज दिलेल्या अन्नाचा. किती वेळा वाचलाय. पहाटे दव उडून गेलं की रानात ते बारीक बारीक पडलेलं असायचं, धण्यासारखं पांढरं, चवीला मध घातलेल्या पोळीसारखं. लोकांनी एकमेकांना विचारलं हे काय आहे, आणि त्या विचारण्यावरूनच त्याचं नाव पडलं. माणशी एक ओमर, म्हणजे आपल्या मापाने साधारण दोन लिटरचं भांडं. जास्त गोळा केलेल्याला उरलं नाही, कमी गोळा केलेल्याला कमी पडलं नाही. ऊन चढलं की वितळून जायचं. त्यांचा पुढारी मोशे, त्याने सांगितलं होतं सकाळपर्यंत ठेवू नका, तरी काहींनी ठेवलं आणि त्यात किडे पडले, घाण सुटली. फक्त शब्बाथाच्या, म्हणजे विसाव्याच्या दिवसाच्या, आदल्या दिवशी दुप्पट घ्यायचं, आणि ते मात्र टिकायचं. अशी चाळीस वर्षं.

आजपर्यंत मला त्या साठवणाऱ्यांचा राग यायचा, देवाने एवढं केलं तरी यांचा विश्वास नाही. आता नाही येत. ती माणसं मिसरमधून आलेली, पिढ्यान्‌पिढ्या गुलामीत राहिलेली, पोरंबाळं बरोबर, पुढे नुसतं वाळवंट. रात्री एखाद्या आईने मडक्यात चार मुठी लपवून ठेवल्या असतील तर तिला काय बोलणार. मी तेच केलंय, माझं मडकं म्हणजे तो कॅल्क्युलेटर.

पण एक गोष्ट मनात घोळत होती. म्हणजे साठवायचंच नाही का काही? मग योसेफाचं काय? बायबलच्या उत्पत्तीच्या पुस्तकात तो मिसरचा कारभारी असताना पुढच्या दुष्काळासाठी सात सुकाळाच्या वर्षांत धान्याचा पाचवा हिस्सा कोठारात भरून ठेवतो, आणि तेही देवानेच सुचवलेलं. यांच्या पीएफचे पैसे आहेत थोडे, ते ठेवणं अविश्वास आहे का? दोन दिवस डोकं यातच. उत्तर शेवटी सासूबाईंच्याच बोलण्यात मिळालं. ज्वारी साठवायची, पीठ नाही. कणगीत कडुलिंबाचा पाला टाकून ठेवलेली ज्वारी वर्षभर हलत नाही. योसेफाने धान्य साठवलं, पीठ नाही. देवाची वचनं कणगीतच आहेत, ती कुठे जात नाहीत, माझ्या आजीच्या वेळची तशीच्या तशी आहेत. विश्वास मात्र दळावा लागतो आणि तो फार दिवस राहत नाही. निदान माझा तरी नाही राहत. पीएफ राहू दे बँकेत, हरकत नाही, फक्त त्याच्याकडे बघून झोप लागली पाहिजे असं नको.

आजी म्हटलं आणि आठवलं. माझी आजी नेवाशाकडची, वडाळा मिशनच्या बाजूची. तिला अक्षरओळख नव्हती. पहाटे जात्यावर बसायची, त्या दिवसाला लागेल तेवढंच दळायची, आणि ओव्या म्हणायची, पहिली ओवी आकाशातल्या बापाला, दुसरी येशूला, तिसरी पवित्र आत्म्याला, मग एकेका लेकराचं नाव घेऊन एकेक, आजारी असेल त्याला दोन. आम्ही गोधडीत अर्धवट झोपेत ऐकायचो, जात्याची घरघर आणि त्यात आपलं नाव. ती वेगळी प्रार्थना करताना मी फारशी पाहिली नाही. तेवीसावं स्तोत्र तिला माझ्या वडिलांनी एकेक ओळ सांगून पाठ करून दिलं होतं, तेही ती जात्याच्या लयीतच म्हणायची. तिच्याकडे कालचं पीठ कधीच नव्हतं. हे मला आता, पंचेचाळिशीत कळतंय.

प्रभूच्या प्रार्थनेत आपण म्हणतो ना, आमची रोजची भाकर आज आम्हास दे. मराठीत भाकर आहे याचं मला फार अप्रूप आहे. ज्या कुणी हा शब्द निवडला त्याने आमच्या नगर-सोलापूरकडच्या बायकांच्या चुलीसमोर बसून निवडला असं वाटतं. पाळकसाहेबांनी एकदा बायबल स्टडीत सांगितलं होतं की तिथे 'रोजची' साठी जो मूळ ग्रीक शब्द आहे तो अख्ख्या नव्या करारात फक्त याच प्रार्थनेत येतो, मत्तय आणि लूक या दोन शुभवर्तमानांत, त्यामुळे त्याचा नेमका अर्थ काय यावर अभ्यासकांचं एकमत नाही. कुणी म्हणतं आजच्यापुरती, कुणी म्हणतं येणाऱ्या दिवसाची. मला दोन्ही अर्थ चालतात. रात्री म्हणताना मला येणाऱ्या दिवसाची हवी असते, तेवढी मिळेल एवढं मनात ठरलं की डोळा लागतो.

आज दुपारी ट्यूशनची मुलं यायच्या आधी पंडिता रमाबाईंबद्दल थोडं वाचत होते. गेल्या वर्षी आम्ही महिला मंडळाच्या बायका केडगावला त्यांनीच निराधार बायका-मुलींसाठी उभारलेल्या मुक्ती मिशनमध्ये जाऊन आलो (आमच्या नगरचं केडगाव नाही, दौंड तालुक्यातलं), तेव्हा नुसतं बघून आलो, आता वाचताना वेगळं लागतंय. बाईंनी ब्रिस्टलच्या जॉर्ज म्युलरचं चरित्र वाचलं होतं. हा माणूस आयुष्यभर अनाथाश्रम चालवत होता, दहा हजारांहून जास्त मुलं सांभाळली, पैशासाठी माणसांपुढे हात पसरला नाही, देवाकडे मागायचं आणि काय मागितलं, काय मिळालं ते वहीत लिहून ठेवायचं. रमाबाईंना प्रश्न पडला की असं आपल्या देशात होईल का, देवावर एवढं विसंबून राहता येईल का. मग 1896-97 चा दुष्काळ पडला आणि त्या मध्य प्रांतात जाऊन शेकडो मुली घेऊन आल्या. एवढ्या तोंडांना रोज घालायचं. डबे भरलेले नव्हते त्यांचे.

आणि त्यांचं बायबलचं भाषांतर. हिब्रू-ग्रीकवरून, खेड्यातल्या बाईला कळेल अशा साध्या मराठीत, कितीतरी वर्षं चाललेलं काम, छपाईचे खिळे जुळवायला आणि छापायला मुक्तीतल्याच बाया. 1921 च्या जुलैमध्ये त्यांची एकुलती एक मुलगी मनोरमा गेली. त्यानंतरही बाई बसत राहिल्या कामाला, आणि 5 एप्रिल 1922 ला स्वतः गेल्या तेव्हा ते काम पूर्ण करून गेल्या. छापून आलं 1924 मध्ये. मी त्या नऊ महिन्यांचा विचार करतेय. लेक गेल्यावर दुसऱ्या दिवशी सकाळी कुठलं पान समोर असेल त्यांच्या? मोठा विश्वास म्हणतात आपण, साक्षीत सांगतो, पण तो असा ढीगभर नसावा त्यांच्याकडेही. त्या दिवसाच्या पानापुरता असेल. मला असं वाटून धीर येतो, म्हणून लिहिलं.

तर आज पहाटे. मोबाईल स्वयंपाकघरात ठेवून आले. बायबलमधल्या विलापगीताचा तिसरा अध्याय काढला, देवाची करुणा रोज सकाळी नवी होते ते. शहर जळून गेल्यावर, उपासमार बघितल्यावर कुणीतरी हे लिहिलंय, पोटभर जेवून नाही. मग गुडघे टेकले आणि पहिली पाच मिनिटं काहीच आलं नाही, बाहेर कुणाचा तरी हंडा वाजला, मन लगेच पाण्याकडे गेलं. परत आणलं. मग आजीसारखं केलं, एकेकाचं नाव. यांचं. मुलीचं. सासूबाईंचं, त्यांच्या गुडघ्याचं. ज्या साहेबाने यांना गेटवर ते एक वाक्य सांगितलं त्याचंही नाव घेतलं, ते घेताना जीभ जड झाली, पण घेतलं, रोजच्या भाकरीच्या पुढचीच ओळ क्षमेची आहे, ती गाळून पुढे जाता येत नाही. आणि शेवटी एवढंच मागितलं की प्रभू, आजचं दे. जूनचं नको, ॲडमिशनचं नको, आजचं.

मोठं काही झालं नाही त्यानंतर. उजेड पडला नाही की आवाज आला नाही. पाणी आलं, भरलं, चहा ठेवला. पण दिवसभरात मी कॅल्क्युलेटर एकदाच उघडला आणि तोही मुलांची गणितं तपासायला.

उरलेल्या पिठात गव्हाचं पीठ मिसळून थालीपीठं लावली, वाया नाही घालवलं. संध्याकाळी दीड किलो ज्वारी निवडली आणि उन्ह उतरल्यावर गिरणीत जाऊन आले, गिरणीवाले म्हणाले ताई एवढीशीच? म्हटलं हो, आता एवढीशीच आणत जाईन.

उद्या यांना सुप्याला एका कंपनीत बोलावलंय, सकाळी नऊला. रात्री जेवण झाल्यावर यांनीच बायबल मागितलं, मार्चपासून पहिल्यांदा, आणि आम्ही चौघांनी मिळून एक गीत म्हटलं, रेव्हरंड ना. वा. टिळकांचं, सासूबाईंना सगळी कडवी पाठ आहेत. होईल काम किंवा नाही होणार. सव्वादहा वाजलेत. शर्ट इस्त्री करून खुर्चीवर टाकलाय, यांना डबा द्यायचाय म्हणून पहाटे लवकर भाकरी करायच्यात. गिरणीतून आणलेलं पीठ अजून कोमट आहे, डब्याचं झाकण थोडं उघडंच ठेवलंय.