जुलैत ओव्हन ट्रिप मारतो, मग ईएलसीबी काढून टाकू का?

पावसाची झड लागल्यानंतरचा सोमवार असो, नाहीतर पोळा-मारबतच्या सुट्टीनंतरची सकाळ, नागपूरजवळच्या हिंगणा-बुटीबोरीच्या कारखान्यांकडून हा प्रश्न ठरलेला. पावडर कोटिंगचा (धातूवर पावडरचा रंग भाजून बसवणारा) ओव्हन शनिवारी ठणठणीत होता, आज मेन चढवला की ईएलसीबी, म्हणजे अर्थला वीज गळली की पुरवठा तोडणारा स्विच, पडते. चार-पाचदा चढवली की एखाद वेळी टिकते आणि मग दिवसभर काही होत नाही. मधली ती कटकट बायपास केली तर चालेल का?

नाही चालणार. पण ती पडते का, हे कळलं की ती काढायची गरजही राहत नाही.

ट्युब्युलर हीटर म्हणजे स्टीलची नळी, आत निक्रोमची कॉइल आणि दोघांच्या मध्ये दाबून भरलेली मॅग्नेशियम ऑक्साइडची पूड. ही पूड उष्णता सोडते, वीज अडवते, पण हवेतली ओल मिठासारखी शोषून घेते. मे महिन्यात नागपूरची हवा इतकी कोरडी असते की दोषी सीलसुद्धा उघडकीस येत नाही. जूनच्या मध्यावर हवा पालटते, आणि दोन दिवस थंड पडलेल्या हीटरच्या टोकांतून, टर्मिनलजवळच्या सीलमधून ओल आत शिरते. कॉइल आणि नळी यांच्यातला रोध कोट्यवधी ओहमवरून काही हजारांवर येतो. ओव्हन तापला की ओल हळूहळू निघते आणि सगळं सुरळीत झाल्यासारखं वाटतं. "चारदा चढवली की टिकते" यामागचं इंगित हेच. दर वेळी हीटर जरासा तापतो, इतकंच.

आता हिशेब. समजा 18 किलोवॉटचा ओव्हन, 2 किलोवॉटचे, 230 व्होल्टचे नऊ हीटर स्टारमध्ये, म्हणजे फेज आणि न्यूट्रलच्या मध्ये, प्रत्येक फेजवर तीन. फेजमागे करंट 26 अँपिअर. एका हीटरची नळी फेजकडच्या टोकाशी ओलावून 10 किलोओहमवर आली, तर अर्थला 23 मिलीअँपिअर जातात. 30 मिलीअँपिअरची ईएलसीबी (आता जी मिळते ती खरं तर आरसीसीबी, पण बाजारात नाव तेच राहिलंय) 15 ते 30 च्या मध्ये कुठेही पडू शकते. म्हणजे एक हीटरही पुरेसा आहे.

गंमत पुढे आहे. ईएलसीबी तिन्ही फेज आणि न्यूट्रलच्या करंटची एकत्र बेरीज पाहते. तीन फेजवर एकेक हीटर सारखाच ओला असेल, तर तिन्ही गळत्या एकमेकींना खाऊन टाकतात आणि ईएलसीबी गप्प बसते. तुम्ही त्यातला एक बदलून नवा टाकता. आता उरलेल्या दोघांची बेरीज 23 मिलीअँपिअर, आणि ओव्हन ट्रिप मारायला लागतो. बिचाऱ्या नव्या हीटरवर आळ येतो. म्हणून "नवा टाकल्यापासून बिघडलं" असं कुणी म्हटलं, की नव्याला हात लावण्याआधी बाकीचे आठ मोजा.

मोजायचं कसं, इथे घाई करू नका. हे काम परवानाधारक इलेक्ट्रिशियनचं. मेन बंद, कुलूप, टॅग, आणि किल्ली ज्याचे हात आत जाणार त्याच्याच खिशात. ओव्हनच्या पॅनलला बहुधा वीज येण्याच्या दोन वाटा असतात: हीटरची एक, ब्लोअर आणि कंट्रोलरची दुसरी. दोन्ही बंद करा, जनरेटर असेल तर त्याचीही. मग मीटर आधी चालू असलेल्या पॉइंटवर तपासा, नंतर बंद केलेल्या टर्मिनलवर फेज-फेज, फेज-न्यूट्रल, फेज-अर्थ असं मोजा, आणि शेवटी पुन्हा चालू पॉइंटवर मीटर जिवंत आहे ना ते बघा. निऑनच्या टेस्टरवर विसंबू नका. शेडमधल्या उजेडात त्याची लाली दिसत नाही, आणि बाजूच्या वायरच्या इंडक्शननेही तो पेटतो.

एका गोष्टीवर जास्त बोलायला हवं, कारण करंट लागतो तो तिथे. कंट्रोलरवर "हीटर ऑफ" दिसतं म्हणजे हीटरची वीज गेली, असं नाही. एसएसआर (हीटर चालू-बंद करणारा इलेक्ट्रॉनिक स्विच) बंद असतानाही त्याच्या आतल्या सर्किटमधून थोडी गळती चालूच असते. हीटर तुटलेला असेल तर टर्मिनलवर जवळजवळ पूर्ण व्होल्टेज दिसतं. आणि बऱ्याच तीन-फेज जोडण्यांत एसएसआर फक्त दोन फेजवर असतो, तिसरी थेट हीटरवर गेलेली असते. तापमान पूर्ण झालं, दिवा विझला, पण हीटरला फेज आहेच. कॉन्टॅक्टरचे (मोठ्या करंटच्या चुंबकी स्विचचे) कॉन्टॅक्ट चिकटले असतील तरी तेच. आयसोलेटर उघडल्याशिवाय हीटर बॉक्सचं झाकण उघडायचं नाही. कंट्रोलरला 24 व्होल्ट देणाऱ्या एसएमपीएसच्या (पॉवर सप्लायच्या) कपॅसिटरमध्ये बंद केल्यानंतरही तीनशेच्या वर डीसी असतं. पाच मिनिटं थांबा आणि मोजा.

आता मेगर, म्हणजे इन्सुलेशनचा रोध मोजणारा मीटर. 500 व्होल्ट डीसीचाच घ्या. आधी एसएसआर, कंट्रोलर आणि थर्मोकपल (तापमान मोजणारा सेन्सर) सोडवा, नाहीतर मेगरच्या एका दाबात सहा हजारांचा कंट्रोलर जातो आणि दोष ओलीवर ढकलला जातो. मग प्रत्येक हीटरच्या दोन्ही पट्ट्या काढा, न्यूट्रलची, म्हणजे स्टार पॉइंटची पट्टीसुद्धा. ही राहिली तर नऊही हीटर एकमेकांना जोडलेले राहतात, सगळ्यांचं रीडिंग सारखंच वाईट येतं, आणि "पूर्ण सेटच गेला" म्हणून नऊ हीटर मागवले जातात. एक वायर टर्मिनलला, दुसरी नळीला, एक मिनिट थांबून वाचा. दहा-वीस मेगओहमच्या वर असेल तर निर्धास्त. एकच्या खाली असेल तर ओला. पुन्हा पुन्हा शून्यच दाखवत असेल, तर ओल नव्हे, नळी फुटलीय किंवा कॉइल टेकलीय. तो हीटर भंगारात. मेगरनंतर साध्या मीटरवर ओहम बघा: 2 किलोवॉट, 230 व्होल्टच्या हीटरला साडेसव्वीसच्या आसपास, थंड असताना थोडे कमी. ओहम बरोबर आले म्हणून गळती नाही असं समजू नका. त्या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

ओले हीटर सुकवायचे तर सर्वांत सोपं म्हणजे ते सोडवून ठेवायचे, त्यांची मोकळी टोकं झाकायची, आणि चांगल्या हीटरांवर ओव्हन 110-120 अंशांवर चार-सहा तास चालवायचा, डँपर (हवा बाहेर जायची झडप) उघडा ठेवून. पहिल्या तासाभरात मेगर मारला तर रीडिंग उलट खाली आलेलं दिसेल. घाबरू नका, ओल आतून टोकाकडे सरकतेय. हीटरची मधली नळी तापली तरी ओल साचते ती बाहेर राहिलेल्या थंड टोकात, त्यामुळे टर्मिनल बॉक्सचीही ऊब वाढली पाहिजे. घाई करून ईएलसीबी बायपास करून पूर्ण व्होल्टेजवर तापवणं हा मार्ग सोपा वाटतो, पण तोवर अर्थिंगमधून वाहणाऱ्या करंटला रोखणारं काही उरत नाही. आणि आपल्याकडच्या काळ्या मातीत उन्हाळ्याच्या भेगा पडल्या, की अर्थिंगचा खड्डा किती कोरडा पडतो हे खड्ड्याचं झाकण उघडून बघितलंय का कधी? पहिला जोरदार पाऊस पडेपर्यंत तिथे पाणी घालत राहणं हे मेंटेनन्सचंच काम. ओव्हनच्या दरवाज्यालाही वेगळी तांब्याची विणलेली पट्टी हवी. बिजागरीतून अर्थिंग होतं, ही समजूत चुकीची आहे.

टर्मिनलचा नट आवळताना एक खुबी. खालचा नट एका पान्याने धरायचा आणि वरचा दुसऱ्याने आवळायचा. एकाच पान्याने आवळलं की पूर्ण पिन फिरते, चिनीमातीचा बुश आणि त्याखालचं सील तडकतं, आणि पुढच्या पावसाळ्याची तयारी आपणच करून ठेवतो. बॉक्समध्ये पीव्हीसीची वायर नको. तिची मर्यादा 70 अंशांची, इथे नुसता हात टेकवला तरी चटका बसतो. ग्लास फायबर किंवा सिलिकॉन, निकेल चढवलेला लग, स्प्रिंग वॉशर. नवी जोडणी पहिल्यांदा तापून थंड झाली, की मेन बंद करून एकदा परत आवळा.

नवतप्यातल्या (मेअखेरच्या कडक उन्हाच्या नऊ दिवसांतल्या) ट्रिपचं कारण मात्र वेगळं, आणि लोक दोन्ही एकाच पोत्यात घालतात. मेमध्ये पडते ती ईएलसीबी नसते, एमसीबी असते, म्हणजे करंट जास्त झाला की पडणारा स्विच. एमसीबीचा आकडा 30 अंशांवरचा. बाहेर 45 असताना बंद पॅनलमध्ये 60 सहज. तीन एसएसआर प्रत्येकी 30 वॉट, म्हणजे जवळजवळ शंभर वॉटचा बल्ब, आतच जळत असतो. अशा वेळी 32 अँपिअरची एमसीबी 27-28 वर आलेली असते, आणि लोड 26 चा. तिला चाळीसची करून मोकळं होऊ नका. वायर तीच आहे. पॅनलला पंखा आणि जाळी लावा, एसएसआरच्या हीटसिंकवरची पावडर ब्रशने झाडा, तीन एमसीबींच्या मध्ये थोडी मोकळी जागा ठेवा.

एसएसआर बिघडतो तो बहुतेक शॉर्ट होऊन, म्हणजे हीटर बंदच होत नाही. त्याच्यासाठी वेगळं थर्मोकपल आणि वेगळा कॉन्टॅक्टर असलेला ओव्हर-टेंपरेचर कट हवा. 200 वर चालणाऱ्या ओव्हनला तो साधारण 230 ला लावतात आणि खरंच पडतो का, हे वर्षातून एकदा सेटिंग खाली आणून बघतात.

राहिला मूळ प्रश्न. नऊ हीटर एकाच 30 च्या ईएलसीबीवर असतील, तर सगळ्यांच्या छोट्या-छोट्या गळत्या जमा होतात. त्यांचे तीन गट करा, प्रत्येकाला स्वतंत्र ईएलसीबी द्या. पडली तर कुठला गट आहे हे लगेच कळतं आणि बाकीचे चालू राहतात. गळती मोजायची असेल तर मिलीअँपिअर दाखवणारा लीकेज क्लॅम्प मागवा, साध्या क्लॅम्पवर हे दिसत नाही. गटातल्या सगळ्या फेज आणि न्यूट्रल एकत्र त्याच्या जबड्यात घ्या, अर्थची वायर मात्र बाहेर ठेवा. शनिवारी ओव्हन गरम असताना आणि सोमवारी थंड असताना, दोन्ही आकडे पॅनलच्या दाराच्या आतल्या बाजूला मार्करने लिहून ठेवा.