डनॉटरच्या कड्यावर बाईंसोबत

बसमधून उतरताना बाईंनी दांडा दोन्ही हातांनी धरला, तेव्हाच लक्षात आलं की आज यांना किल्ल्यात नेता येणार नाही. डनॉटरला आधी कडा उतरून पार समुद्राच्या पातळीला जायचं आणि मग समोरच्या खडकावर पुन्हा चढायचं. दोनशेहून जास्त पायऱ्या. बाईंच्या दोन्ही गुडघ्यांची ऑपरेशनं झालेली. बाकीच्या पंधरा जणांना मी वाटेला लावलं आणि बाईंना घेऊन अलीकडच्या कड्यावर, गवतात बसले. टूर लीडर म्हणून स्कॉटलंडला येण्याचं माझं हे सहावं वर्ष होतं.

बाई साताऱ्याकडच्या शाळेत इतिहास शिकवायच्या, म्हणून सगळा गट त्यांना बाईच म्हणायचा. समोर अख्खा किल्ला दिसत होता. तीन बाजूंना उत्तर समुद्र, जवळजवळ पन्नास मीटर उंच खडक, तोही गोटे एकमेकांत घट्ट रुतून झालेला. कीथ घराण्याचा चौदाव्या शतकातला उंच दगडी वाडा अजून उभा आहे, फक्त छप्पर नाही.

"गडावर पाणी कुठलं गं?" बाईंचा पहिला प्रश्न.

आतल्या चौकात मोठं गोल टाकं आहे, असं सांगितल्यावर त्या खूश झाल्या. "मग वेढा सोसला असेल."

सोसला होता, आठ महिने. १ जानेवारी १६५१ ला स्कोन इथं दुसऱ्या चार्ल्सला स्कॉटलंडचा मुकुट घातला गेला. पण एडिंबराचा किल्ला आधीच राजाविरुद्ध लढणाऱ्या इंग्लंडच्या पार्लमेंटचा सेनापती क्रॉमवेल याच्या हाती पडला होता. इंग्लंडची राजचिन्हं तर त्याच पार्लमेंटच्या हुकमानं वितळवून टाकली होती. म्हणून स्कॉटलंडचा मुकुट, राजदंड आणि तलवार इथं आणून ठेवली. मागोमाग इंग्रज फौज आली. किल्लेदार जॉर्ज ओगल्वी आणि त्याची सत्तरेक माणसं. शेवटी मोठ्या तोफा आल्या आणि २४ मे १६५२ ला किल्ला पडला.

"म्हणजे तेव्हा आपले महाराज बावीस वर्षांचे," बाई म्हणाल्या. "मग, सापडला मुकुट?"

नाही सापडला. जवळच्या गावातल्या पाद्र्याची बायको किल्लेदाराच्या बायकोला भेटायला म्हणून आत गेली आणि शत्रूच्या छावणीतून मुकुट बाहेर घेऊन आली. कुणी सांगतात, जवसाच्या वाखाच्या मोळ्यांत राजदंड आणि तलवार लपवली होती. कुणी सांगतात, कड्यावरून दोरानं सगळं खाली सोडलं आणि शेवाळ गोळा करायच्या निमित्तानं आलेल्या मोलकरणीनं टोपलीतून नेलं.

बाई थोडा वेळ त्या कड्याकडे बघत राहिल्या. मग विचारलं, "नाव काय तिचं?"

मला सांगता येईना. राजाचं नाव, किल्लेदाराचं नाव, त्याच्या हाताखाली किती माणसं होती ते, सगळं मला पाठ होतं. तिला मात्र मी सहा वर्षं 'पाद्र्याची बायको' म्हणत आले होते. फार वाईट वाटलं. मोबाइल काढून तिथंच शोधलं. क्रिश्चन फ्लेचर. नवरा जेम्स ग्रेंजर, किनेफचा पाद्री. वाचता वाचता आणखी दोघी सापडल्या. किल्लेदाराची बायको एलिझाबेथ डग्लस या बेतात सामील होती. आणि राजाची खासगी कागदपत्रं अ‍ॅन लिंडसे नावाच्या मुलीनं कपड्यांत शिवून वेढ्यातून पार केली होती.

मंडळी परत आली तेव्हा कुणी फारसं बोलत नव्हतं. १६८५ मध्ये ज्या तळघरात धर्माच्या भांडणातून १६७ स्त्रीपुरुषांना कोंडलं होतं, ते त्यांनी पाहिलं होतं. एका काकांनी एवढंच विचारलं, "एवढी माणसं त्यात झोपत कशी असतील?"

बाई म्हणाल्या, "किनेफ किती लांब आहे?"

काही मैलच होतं. कार्यक्रमात नव्हतं, पण ड्रायव्हर तयार झाला आणि छोटी बस अरुंद रस्त्यावरून गेली. शेतांच्या मधे, समुद्राजवळ एक साधं चर्च. ग्रेंजरनं रात्री व्यासपीठासमोरची फरशी उचलून खाली मुकुट आणि राजदंड पुरला. तलवार पश्चिमेच्या टोकाला, बाकांखाली. मधूनमधून नवराबायको रात्री ते उकरून, विस्तवाजवळ वाळवून पुन्हा पुरत, असं सांगतात. १६६० मध्ये राजा परत येईपर्यंत ते तिथंच होतं. पुढं स्कॉटलंडच्या पार्लमेंटनं बक्षीस जाहीर केलं, २००० मर्क (तेव्हाचं स्कॉटिश नाणं), ते क्रिश्चनच्या नावानं.

आत गेल्यावर बाईंनी चपला काढल्या.

"हीच फरशी का?"

"नाही, बाई. चर्च १७३८ मध्ये पुन्हा बांधलंय. जागा मात्र हीच."

त्या तशाच अनवाणी उभ्या राहिल्या. मग पर्समधली वही माझ्यापुढे धरून म्हणाल्या, "नीट लिहून दे. आडनावातला 'फ' 'ल'ला जोडून ना?"