काळी तीनवर पोकळ होणारा बेस: कारण सापडले

मागच्या नोंदीच्या शेवटी ज्या खड्ड्याचा, म्हणजे एका स्वरावर बेसचा भार गळून जाण्याचा, उल्लेख केला होता, त्याचे कारण अखेर हाती लागले आहे आणि त्या शोधामुळे पुढच्या आराखड्यातील बरेच काही बदलले आहे. मांडणी तीच आहे: वेग मिनिटाला १७२ मात्रा, हाफटाइम (अर्ध्या वेगाची वाटणारी) चाल, वर हलगी आणि खाली काळी तीनमधला (एफ शार्प) रीस, म्हणजे सुरात किंचित अंतर असलेल्या दोन सॉ तरंगांचा हलता बेस. सब, म्हणजे सर्वांत खालचा थर, ही स्वतंत्र, शुद्ध साइन. मधल्या थराला, म्हणजे रीसला, ७० हर्ट्झच्या खाली काप दिलेला असून तेथून दोन वाटा निघतात. एक वाट सरळ बसवर (आवाज एकत्र होतात त्या वाहिनीवर) जाते. दुसरी ९० हर्ट्झच्या क्रॉसओव्हरमधून (आवाज खालच्या आणि वरच्या भागांत विभागणाऱ्या फिल्टरमधून) दुभंगून खालच्या भागाला हलके सॅच्युरेशन (सौम्य डिस्टॉर्शन) आणि वरच्या भागाला जड डिस्टॉर्शन घेत त्याच बसवर येऊन मिळते.

अडचण अशी होती की काळी तीन धरली की मधल्या थराचा सगळा भार गळून जात असे, पांढरी सहावर तो थोडा परतत असे आणि पांढरी सातवर आवाज पुन्हा बऱ्यापैकी भरीव वाटत असे. हेडफोनवर हे स्पष्ट ऐकू येई, स्पीकरवर मात्र जवळजवळ नाहीच. त्यामुळे पहिला संशय खोलीवर गेला. मंगळवार पेठेतील माझी माडीवरची खोली लांबीला १२ फूट आहे, म्हणजे तिचा पहिला मोड (खोलीचा स्वतःचा अनुनाद) सुमारे ४७ हर्ट्झवर आणि दुसरा सुमारे ९४ हर्ट्झवर येतो. काळी तीनचा मूळ स्वर ४६.२५ हर्ट्झ आणि त्याचा दुसरा हार्मोनिक (दुप्पट वारंवारितेचा उपस्वर) ९२.५ हर्ट्झ. माझी खुर्ची लांबीच्या मध्याजवळ आहे. तेथे पहिल्या मोडचा दाब नाहीसा होतो आणि दुसऱ्याचा सर्वाधिक असतो. खोली मूळ स्वर गिळत होती आणि नेमका दुसरा हार्मोनिक फुगवत होती, म्हणून बाउन्समधला (फाइलमध्ये उतरवलेल्या मिश्रणातला) खड्डा स्पीकरवर झाकला जात होता. खड्डा खोलीने निर्माण केलेला नव्हता, कारण बाउन्स केलेल्या फाइलच्या स्पेक्ट्रममध्येही तो तसाच दिसत होता. या निमित्ताने एक मत नोंदवतो: चार इंची रॉकवूलचे पॅनेल मध्य आणि वरच्या पट्ट्यासाठी उत्तम असतात, इचलकरंजीच्या सुती कापडात गुंडाळले की देखणेही दिसतात, परंतु ४७ हर्ट्झची पाव तरंगलांबीच १.८ मीटरच्या आसपास असल्यामुळे त्यांच्याकडून सबची अपेक्षा ठेवू नये.

दुसरा संशय डीट्यूनवर (दोन सॉंच्या सुरांतल्या अंतरावर) होता. दोन सॉ एकमेकांपासून १० सेंट (सेंट म्हणजे अर्ध्या स्वराचा शंभरावा भाग) दूर असतील तर काळी तीनच्या मूळ स्वरात साधारण ०.२७ हर्ट्झचा बीट पडतो, म्हणजे पावणेचार सेकंदांत एकदा तो स्वर मावळून पुन्हा उगवतो. दुसरा हार्मोनिक त्याच्या दुप्पट वेगाने हलतो, तिसरा तिप्पट. डेट्रॉइटच्या केव्हिन सॉन्डरसन यांनी १९८८ मध्ये रीस या नावाने जो बेस ऐकवला, त्याच्या चालतेपणाचे मर्म याच एकमेकांत गुंतलेल्या बीटमध्ये आहे. पण बीटमुळे पडलेला खड्डा येतो आणि जातो, माझा खड्डा मात्र स्वर धरला असेपर्यंत जागचा हलत नव्हता. डीट्यून शून्यावर आणला तरी तो तेथेच होता.

उलगडा झाला तो डिस्टॉर्शन बंद केल्यावर. खड्डा भरून येण्याऐवजी तो अधिकच खोल झाला. मग रीसच्या जागी व्हाइट नॉइज (सर्व वारंवारिता सारख्याच असलेला आवाज) सोडला, तर ॲनालायझरवर बरोबर ९० हर्ट्झपाशी दरी उभी राहिली. क्रॉसओव्हर १५० वर नेला की दरीही १५० वर जाई आणि सरळ वाट बंद केली की ती नाहीशी होई.

कारण क्रॉसओव्हरच्या स्वभावातच आहे. सीगफ्रीड लिंकविट्झ यांनी १९७६ मध्ये मांडलेल्या आणि आज लिंकविट्झ-रायली नावाने ओळखल्या जाणाऱ्या, प्रत्येक सप्तकाला २४ डेसिबलने उतरणाऱ्या क्रॉसओव्हरमध्ये खालचा आणि वरचा भाग पुन्हा एकत्र केला की पातळी सपाट येते, पण फेज (तरंगाच्या चढउताराची वेळ) मूळची राहत नाही. बेरीज ऑलपास, म्हणजे पातळी न बदलता फक्त फेज फिरवणाऱ्या, फिल्टरसारखी वागते आणि ऐन क्रॉसओव्हरच्या वारंवारितेवर तिची फेज १८० अंशांनी उलटलेली असते. स्पीकरमध्ये याने काही बिघडत नाही, कारण तेथे दोन्ही भाग फक्त एकमेकांत मिसळतात. न दुभंगलेला मूळ आवाज जेव्हा त्यांच्या शेजारी तितक्याच पातळीवर येऊन बसतो, तेव्हा मात्र ९० हर्ट्झवर दोघे एकमेकांना पुसून टाकतात. गणित करून पाहिले तर डिस्टॉर्शनविना ९२.५ वर सुमारे २८ डेसिबलची, ११० वर ११ डेसिबलची आणि पांढरी सातच्या १२३.५ वर ८ डेसिबलच्या आतली घट येते. कानाला जे तीन स्वरांवर जाणवत होते, त्याच्याशी हा उतार तंतोतंत जुळतो, आणि ते आकडे कागदावर उतरताना झालेला आनंद मी लपवू इच्छित नाही.

उपाय दोन होते. लिनिअर-फेज क्रॉसओव्हरने खड्डा जातो, पण बेसच्या पट्ट्यात त्याचे प्री-रिंगिंग (स्वराच्या आधीच उमटणारी थरथर) हल्ल्याची, म्हणजे स्वराच्या सुरुवातीची, धार बोथट करते आणि विलंबही वाढतो. मला तो मार्ग पसंत नाही. मी सरळ वाटही तशाच क्रॉसओव्हरमधून, दोन्ही भागांना हात न लावता, नेली. आता दोन्ही वाटांची फेज सारखीच फिरते आणि काळी तीन भिंतीसारखी उभी राहते.

उद्यमनगरात ध्वनियंत्रणा भाड्याने देणाऱ्या एका मित्राच्या गोदामात अठरा इंची सबवर हा बाउन्स वाजवून पाहिला. मिरवणुकीच्या डॉल्बीत सब मोनोच चालतो आणि यंत्रणेचा स्वतःचा क्रॉसओव्हरही साधारण याच परिसरात असतो, त्यामुळे १२० हर्ट्झच्या खाली स्टिरिओ ठेवायचा नाही या माझ्या नियमाला तेथे पुन्हा बळ मिळाले. हलगीचा कडाडा वर आणि खाली न डगमगणारा दुसरा हार्मोनिक, असे ऐकायला मी फार आतुर होतो.

याच काळात एक छोटी गोष्ट मनासारखी जमली. सर्ज एक्सटी या सिंथमध्ये युनिसनचा (एकाच स्वराच्या अनेक प्रतींचा) डीट्यून सेंटऐवजी हर्ट्झमध्ये, म्हणजे ॲब्सोल्यूट ठेवता येतो. १७२ च्या वेगाला चार मात्रांचा बार १.३९५ सेकंदांचा होतो. दोन आवाजांतले अंतर ०.७१७ हर्ट्झ ठेवून फेज रीट्रिगर केली (प्रत्येक स्वराला नव्याने सुरू केली) की बीट बरोबर एका बारात पूर्ण होतो, दुसरा हार्मोनिक त्यात दोनदा फिरतो, तिसरा तीनदा, आणि स्वर बदलला तरी हे नाते तुटत नाही. रीस तालात श्वास घेऊ लागतो. असा सिंथ मुक्त स्रोतात मिळतो, याबद्दल तो घडवणाऱ्यांचे ऋण मानावे तितके थोडे आहे.

झळाळीबद्दल थोडक्यात: रीपर या ध्वनिमुद्रणाच्या सॉफ्टवेअरमध्ये प्रत्येक इफेक्टला स्वतंत्र ओव्हरसॅम्पलिंग (वाढीव नमुना-दराने प्रक्रिया) देता येते, म्हणून फक्त जड डिस्टॉर्शनला चौपट दिले आहे. वरच्या पट्ट्यातील एलिअसिंगची (नमुना-दराच्या मर्यादेमुळे उमटणाऱ्या खोट्या स्वरांची) खरखर त्यानेच पुरेशी निवळली.

हे लिहीत असतानाच पुढचा आराखडा बदलतो आहे. हलत्या नॉचसाठी (सरकत्या दरीसाठी) मी वेगळा प्लगइन घेण्याच्या विचारात होतो, परंतु मूळ आवाज अधिक ऑलपास म्हणजे फेझरच. ९० हर्ट्झवर जी दरी नको होती, तीच ३०० ते २००० हर्ट्झच्या दरम्यान सरकवली तर मला हवी असलेली हालचाल मिळते, तीही सबला धक्का न लावता. एक द्वितीय श्रेणीचा ऑलपास एक नॉच देतो, तीन ओळीने लावले की तीन. त्यामुळे प्लगइनची खरेदी रद्द. या नॉचना एलएफओचा (संथ नियंत्रक तरंगाचा) ठरावीक आकार देण्याऐवजी डग्ग्याची मींड द्यावी असे आता वाटते: मनगटाच्या दाबाने स्वर जसा वर चढतो, त्याची वक्ररेषा स्पेक्ट्रोग्रामवरून काढायची, व्हायटल या सिंथच्या एलएफओमध्ये हाताने रेखून वेव्हटेबलची (तरंगाकारांच्या साठ्यातली) जागा तिच्यावर सोपवायची आणि तीच रेषा रीपरच्या ऑटोमेशनमध्ये उतरवून ऑलपास फिरवायचे. आधी ठरवलेला फॉर्मंटचा (मानवी स्वरोच्चारासारख्या अनुनादाचा) प्रयोग तोवर मागे राहील.

ज्यांनी ऑलपासच्या साखळीला बाहेरचा फीडबॅक दिला आहे (शेवटचा आवाज पुन्हा सुरुवातीला सोडला आहे), त्यांनी तो किती टक्क्यांवर शिट्टी घालू लागतो ते कृपया कळवावे. मी ३० पासून सुरुवात करणार आहे आणि पुढचा बाउन्स त्याच मांडणीचा असेल.