पोटात भुंगा असलेला रोबो

बालवाडीसाठी गोष्टी ऐकणारा आणि सांगणारा स्वस्त रोबो करायचा ठरला, तेव्हा आधी यादी झाली ती काय नको याची. हात नकोत, चालणं नको, कॅमेरा तर नकोच. पालकांनी परवानगी दिली असती, तरी मी तो बसवला नसता.

धीर आला तो कीपॉनमुळे. हिदेकी कोझिमा यांचा हा पिवळा, डोक्यावर डोकं ठेवल्यासारखा रोबो. तो वळतो, मान हलवतो, डोलतो, उसळतो, बस्स. संशोधनासाठीचा कीपॉन ३०,००० डॉलरचा होता, तर २०११ साली निघालेलं त्याचं खेळणं साधारण ४० डॉलरचं होतं. माणसासारखा चेहरा मी टाळलाच. हुबेहूब पण थोडं चुकलेलं तोंड पाहून माणूस दचकतो, हे जपानी रोबोतज्ज्ञ मासाहिरो मोरी यांनी १९७०मध्येच लिहून ठेवलंय.

पुण्याच्या तपकीर गल्लीतून ईएसपी३२ बोर्ड (रोबोचा छोटा मेंदू) आणि सांगितलेल्या कोनात वळणाऱ्या, नऊ ग्रॅमच्या सर्व्हो मोटरी आणल्या. मोटरी एकदम हलल्या की बोर्ड रीसेट व्हायचा. त्यांना वेगळा पाच व्होल्टचा पुरवठा दिला, ग्राउंड एकच ठेवला आणि क्षणभराची वीज साठवणारा मोठा कपॅसिटर लावला. मग उरली ती घरघर. ‘ह्याच्या पोटात भुंगा आहे,’ असं एका पोरीने जाहीर केलं आणि वर्ग गोष्ट सोडून भुंगाच ऐकत बसला. तेव्हापासून मान जागेवर आली की मोटरीचा सिग्नल बंद करते. अंगावर फोम आणि काढून धुता येईल असा कापडी झगा. तो बालवाडीच्या ताईंनी शिवला.

बोलणं ओळखण्याच्या फंदात पडलेच नाही. चार वर्षांची मुलं, मराठी, त्यात सगळी एकदम ओरडणार! ताईंच्याच आवाजातली वाक्यं मेमरी कार्डावर भरली आणि त्यांच्या मोबाइलवर बटणं दिली: ‘हो?’, ‘अगं बाई!’, ‘मग काय झालं?’ माणसाने मागून चालवायचं, ही या क्षेत्रातली जुनीच रीत. सगळ्यात जास्त वेळ गेला तो मान डोलावण्याची वेळ साधण्यात. जरा उशीर झाला की मूल रोबोला सोडून ताईंकडे बघतं. त्यापुढे महागड्या मोटरीही काही कामाच्या नाहीत, असं माझं मत.

सध्या अडलंय ते पॉवर बँकेपाशी. मोटरी बंद असल्या की वीज इतकी कमी लागते, की बँकच आपणहून बंद पडते आणि रोबो गोष्टीच्या मध्येच झोपतो. मुलांना हे मान्य आहे, ताईंना नाही.