मागच्या सीटवरून पाहिलेली गाडी

शनिवार, 23 जून 2018

आज व्होल्वोची एक्ससी40 चालवून आले. गाडी आपल्याकडे अजून बाजारात आलेली नाही, 4 जुलैला किंमत जाहीर व्हायची आहे. त्याआधी चार-पाच गिऱ्हाइकांना चालवून बघायला बोलावलं होतं, त्यात आमचा नंबर लागला. ह्यांचा आज भोसरीच्या वर्कशॉपमधून माल निघायचा होता, तरी त्यांनी सकाळ मोकळी काढली. मी आईलाही सोबत घेतलं. शोरूमच्या मुलाने काल फोनवर विचारलं होतं, "मॅडम, कोणकोण येणार?" म्हटलं, "चालवणार मी, शेजारी हे आणि मागे माझी आई." तो म्हणाला, "काकूंना कशाला उगाच त्रास?" त्याला फोनवर काय सांगणार? गाडी बघायची होती ती आईसाठीच.

दोन वर्षांपूर्वीचं आधी लिहायला हवं, त्याशिवाय आजचं कळणार नाही. वाईहून परत येत होतो. कात्रजचा नवा बोगदा ओलांडला आणि नवले पुलाकडे उतरणारा तो उतार लागला. पुढच्या ट्रकने अचानक ब्रेक मारला, मीही मारला. आम्ही वेळेत थांबलो, पण मागचा टेम्पो थांबला नाही. मी आणि हे पुढे होतो, बेल्ट लावलेले, आम्हाला खरचटलंसुद्धा नाही. आई मागे होती. तिचं कपाळ पुढच्या सीटच्या पाठीवर आपटलं आणि डाव्या खांद्याजवळचं हाड मोडलं. सहा आठवडे हात झोळीत होता. मागे बेल्ट होते, पण त्यांची बकलं सीट कव्हरच्या खाली गडप झालेली होती. गाडी नवी घेतली त्याच आठवड्यात कव्हर घातली होती. कव्हरवाल्याने बकलं वर काढली नाहीत आणि आम्ही कधी मागितली नाहीत. ते हाड जुळलं तिथे आता छोटा उंचवटा आहे. आईला तेल लावताना तो बोटाला लागतो, आणि मला दर वेळी तो ट्रक दिसतो.

तर आजची गाडी. लाल रंग, वर काळं छप्पर. लांबी 4425 मिलिमीटर, म्हणजे आमच्या पार्किंगच्या खांबांमध्ये आरामात बसेल. जमिनीपासूनची उंची 211 मिलिमीटर. सोसायटीच्या दारातल्या गतिरोधकाला सध्याची गाडी रोज पोट घासते, त्यामुळे हा आकडा मी आधीच पाठ करून गेले होते. मार्चमध्ये तिला युरोपातला 'कार ऑफ द इयर'चा मान मिळाला. व्होल्वोच्या गाडीला तो पहिल्यांदाच मिळाला म्हणे. शोरूमच्या मुलाने ते तीनदा सांगितलं.

मी मात्र आई कशी बसते ते बघत होते. आमच्या गाडीत तिला वाकून आत शिरावं लागतं, शेजाऱ्यांच्या मोठ्या एसयूव्हीत पाय उचलून चढावं लागतं. इथे तिने दाराची कड धरली, सीटवर टेकली आणि मग दोन्ही पाय आत घेतले. ना वाकणं, ना चढणं. सीटची उंची तिच्या कमरेच्या बरोबर होती. मागची पाठ जरा ताठ आहे. ह्यांना ती आवडली नाही, आई म्हणाली, "हीच बरी. पाठीला आधार लागतो." दाराचा कप्पा केवढा मोठा! आवाजाचा मोठा बॉक्स दारातून काढून डॅशबोर्डच्या आत नेलाय, म्हणून दारात एवढी जागा झाली, असं त्या मुलाने सांगितलं. आईची पाण्याची बाटली, छत्री आणि औषधांची पिशवी तिन्ही त्यात मावलं. कप्प्याला आतून मऊ फेल्ट लावलेलं आहे, प्लॅस्टिकच्या जुन्या बाटल्यांपासून केलेलं. आजच राज्यात प्लॅस्टिकबंदी लागू झाली. सकाळी भाजीवाल्याने पाच हजारांच्या दंडाच्या धास्तीने कोथिंबीर वर्तमानपत्रात गुंडाळून दिली होती. आईने त्या फेल्टवरून हात फिरवला आणि म्हणाली, "बाटलीचं असं होतं होय?"

गाडी सुरू केली आणि माझ्यासमोरच्या पडद्यावर लगेच सूचना आली, की मागच्या प्रवाशाने बेल्ट लावलेला नाही. मुलगा मागे वळून म्हणाला, "काकू, बेल्ट." आई म्हणाली, "मागं कोण लावतंय रे?"

तिचं खरंच आहे, मागे कोण लावतंय? कायद्यात मात्र ते आहे. केंद्रीय मोटार वाहन नियमांतला 138(3) हा नियम मागे बसणाऱ्यालाही बेल्ट बंधनकारक करतो. पण मागच्या सीटसाठी पोलिसांनी अडवलेलं मला एकदाही आठवत नाही, आणि लग्नाला, देवदर्शनाला जाताना मागे चार-चार माणसं कोंबून बसलेली आपण रोज बघतो. मागची जागा सुरक्षित, हा समज पक्का बसलाय. गाडी ताशी साठने जात असेल तर आतला माणूसही साठनेच जात असतो. गाडी थांबते, माणूस थांबत नाही. मग पुढची सीट त्याला थांबवते, आणि त्या सीटवर कुणी बसलेलं असेल तर मार त्यालाही बसतो.

आईची अडचण वेगळी होती, ती मला आजच नीट कळली. बेल्ट खांद्याच्या त्या उंचवट्यावरून जाईल आणि दुखेल, ही भीती. इतके दिवस ती नुसतं "गुदमरतं गं" म्हणायची. मी गाडी बंद केली, उतरले, मागचं दार उघडून गुडघे टेकले. आधी खालचा पट्टा पोटावरून काढून ओटीपोटाच्या खाली, कमरेच्या हाडांवर बसवला. आडवा पट्टा मानेपासून दूर, खांद्याच्या मधोमध घेतला. पदराची चुणी मध्ये आली की पट्टा सैल बसतो आणि टोचतो, म्हणून पदर मागून सरळ करून पट्ट्याच्या खाली सपाट केला. मग बकल लावलं आणि वरचा पट्टा हलकेच ओढून ढील काढली. "दुखतंय?" तिने खांदा हलवून बघितला. "नाही. पदराचा बोळा टोचत होता बहुतेक." दोन वर्षं ज्या गोष्टीला ती घाबरत होती, ती एक चुणी होती. मला तिथेच भरून आलं.

परत स्टिअरिंगवर बसले, पडद्यावरची सूचना गेली होती.

जुन्या कात्रज घाटातून वर जायचं आणि नव्या बोगद्यातून उतरायचं, हे मी आधीच ठरवलं होतं. मुलगा बाणेर-बालेवाडीत फेरी मारू म्हणत होता. त्या रस्त्यांवर गाडीचं काय कळणार? घाटात दोन लिटरचं डिझेल इंजिन, 190 हॉर्सपॉवर, 400 न्यूटन मीटर टॉर्क म्हणजे काय ते हातापायाला कळलं. वळणावरून बाहेर पडताना पाय थोडा दाबला की गाडी न कुरकुरता वर ओढते. आठ गिअर आहेत, कुठला कधी पडला ते कळत नाही. सुरू करताना डिझेल आहे हे कानाला कळतं, वेग घेतल्यावर विसरायला होतं. वळणावर गाडी कलत नाही. आईने मागून विचारलं, "आला का घाट?" तेव्हा आम्ही जुन्या बोगद्याच्या तोंडाशी होतो. ते ऐकून हे गप्पच झाले. घाटात आईला मळमळतं, तिच्या पिशवीत आल्याच्या वड्या कायम असतात. आज त्या काढाव्या लागल्या नाहीत.

शिंदेवाडीच्या पुढे जाऊन टोलनाक्याच्या अलीकडून वळलो आणि हायवेला पायलट असिस्ट लावून बघितलं. रडार आणि कॅमेरा पुढची गाडी आणि लेनचे पट्टे बघतात, अंतर राखतात, स्टिअरिंगलाही हलका हात देतात. आपले हात मात्र चाकावर हवेतच. पांढरे पट्टे ठसठशीत होते तिथे ते सुरेख चाललं. पट्टे पुसट झाले की पडद्यावरचं छोटं हिरवं चाक राखाडी व्हायचं, म्हणजे आता तुमचं तुम्ही बघा. डावीकडून एक दुचाकी एकदम आडवी आली तेव्हा गाडीने माझ्याआधी वेग कमी केला. छाती धडधडली, पण बरंही वाटलं. तरी बोगद्याच्या अलीकडे मी ते बंद केलं. पुढचा उतार मला माझ्या पायांनी उतरायचा होता.

बोगद्यातून बाहेर आलं की रस्ता रुंद, मोकळा आणि उतरता आहे. भरलेले ट्रक तिथे डिझेल वाचवायला न्यूट्रलमध्ये सोडतात. मग इंजिनाचा काही अडसर राहत नाही, सगळा भार ब्रेकवर येतो, ब्रेक तापतात आणि खाली नऱ्ह्याच्या, नवले पुलाच्या गर्दीत पोचेपर्यंत धरेनासे होतात. इथे इतके अपघात झाले, त्यातल्या कितीतरींचं कारण हेच. मी गिअर हाताने खाली आणला, इंजिनाने गाडी मागून धरल्यासारखी धरली. ब्रेकला फारसा पाय लावावा लागला नाही. त्या जागेवरून जाताना आरशात बघितलं. आईने डोळे मिटले होते आणि दोन्ही हातांनी बेल्ट छातीशी धरला होता. पूल ओलांडल्यावर मी म्हटलं, "आई, झालं." ती म्हणाली, "कळलं मला."

वारज्यापर्यंत कुणी बोललं नाही.

शोरूममध्ये परत आल्यावर त्या मुलाने सनरूफ, आवाज, पडदा सगळं दाखवलं. ते चांगलंच आहे, चाळीस लाखांच्या घरातल्या गाडीत असायलाच हवं. याच पल्ल्यातली मर्सिडीजची जीएलए आपल्या चाकणला जुळते, ऑडीची क्यू3 औरंगाबादला, त्याही बघा असं ह्यांचा मित्र सांगत होता. ही बनते बेल्जियममधल्या गेंटला. बघू.

माझ्या डोक्यात मात्र निल्स बोलिन होता. विमानातून वैमानिकाला बाहेर फेकणाऱ्या सीटांवर काम केलेला हा स्वीडिश इंजिनिअर व्होल्वोत आला. खांद्यावरून आणि कमरेवरून जाणारा, एका हाताने लावता येणारा पट्टा त्याने तयार केला आणि 1959 मध्ये तो गाडीत आला. कंपनीने ते पेटंट सगळ्यांना खुलं केलं, म्हणून आज जगातल्या जवळपास प्रत्येक गाडीत तोच पट्टा आहे. मी अर्धं आयुष्य मशीनवर काढलंय. एवढी साधी आणि एवढी अचूक वस्तू सुचायला काय लागतं, हे मला माहीत आहे. आणि तोच पट्टा खाली आमच्या पार्किंगमध्ये, आमच्या जुन्या गाडीत, रेक्झिनच्या खाली दाबून पडलाय.

रविवार, 24 जून

सकाळी चहा झाल्यावर वर्कशॉपमधला कटर घेऊन खाली गेलो. ह्यांनी मागच्या सीटच्या कव्हरला तीन ठिकाणी चिरा दिल्या. दोन बकलं लगेच वर आली. तिसरं, आईच्या बाजूचं, सीटच्या फटीत खोल गेलं होतं. मी मनगटापर्यंत हात घातला. शेंगदाण्याची टरफलं, नातवाचा एक खडू, आणि मग ते थंड प्लॅस्टिक बोटांना लागलं. ओढून काढलं, ब्रशने धूळ झाडली, पट्टा घालून बघितला. बसेना. आत माती होती. हवेच्या नळीने फुंकल्यावर चौथ्या खेपेला लागला. मग ह्यांनी पूर्ण ओझं टाकून, झटके देऊन बघितलं. धरतोय. उद्या मेकॅनिककडून तिन्ही तपासून घ्यायचे, पट्टा कुठे विरलाय का तेही बघायचं.

चिरलेल्या कडा उसवू नयेत म्हणून आईने वर बसून त्यांना हाताने काजं घातली. तिचे टाके अजून सरळ येतात.

बुधवार, 4 जुलै

किंमत आली. 39 लाख 90 हजार, एक्स-शोरूम. शोरूममधून फोन आला होता. गाडी मनातून जात नाही, ते मी त्या मुलालाही सांगितलं. पण वर्कशॉपला नवीन सीएनसी, म्हणजे कॉम्प्युटरवर चालणारी मशीन, यंदा घ्यायचीच आहे आणि दोन्ही एकदम झेपणार नाही. दिवाळीनंतर बघू असं ठरलं. ह्यांचा चेहरा उतरला, मग म्हणाले, मशीन आधी, बरोबर आहे.

शुक्रवार, 6 जुलै

वाईला निघालो. आज आळंदीहून माउलींची पालखी निघते, उद्या पुण्यात रस्ते बंद होतील, म्हणून लवकर निघायचं होतं. सामान डिकीत गेलं, गाडी सुरू झाली. मी पहिला गिअर टाकला तेवढ्यात मागून आवाज आला, "थांब गं, निघू नको. पदर सरळ करायचाय अजून."