तुम्ही विचारलंत म्हणून: ते विद्यापीठ नक्की कुणाचं?

मी चिनी भाषेची दुभाषी आहे. चाकणला मीटिंग संपली की चहाच्या वेळी, लग्नाच्या पंगतीत, कधी अनोळखी फोनवर मला एक प्रश्न हमखास येतो. गलवाननंतर तर फारच. "तुम्ही ग्वांगझौला ज्या जिनान विद्यापीठात शिकलात, ते चीन सरकारचं प्रचाराचंच विद्यापीठ ना? काय शिकवलं तुम्हाला तिथे?"

बरीच वर्षं माझं उत्तर ठरलेलं होतं. भाषा शिकवली, दुसरं काय शिकवणार? एवढं बोलून मी विषय बदलायचे. उत्तर खोटं नव्हतं, पण अर्धंच होतं आणि ते अर्धं आहे हे मला पक्कं ठाऊक होतं.

तर आता सांगते. हो, सरकारी आहे. परदेशी स्थायिक झालेल्या चिनी लोकांच्या मुलांसाठीच ते १९०६ साली नानजिंगला सुरू झालं. पहिले २१ विद्यार्थी जावाहून आले होते. नावातच 'दक्षिणेपर्यंत पोचणं' आहे; आपली शिकवण चारी दिशांना समुद्रापर्यंत जावी, अशा अर्थाच्या फार जुन्या ओळीतून ते घेतलंय. आज हे विद्यापीठ कम्युनिस्ट पक्षाच्या संयुक्त आघाडी विभागाच्या हाताखाली येतं, आणि देशाबाहेरच्या चिन्यांना धरून ठेवणं हे त्या विभागाच्या कामातलंच एक काम. यातलं काहीही गुपित नाही. तुम्हाला 'प्रचार' म्हणायचं असेल तर म्हणा, मी आता भांडणार नाही.

पण तेवढ्यावर सगळं झटकून टाकू नका. ८ डिसेंबर १९४१ ला हे विद्यापीठ शांघायमध्ये होतं. जपानी फौजा शहराच्या उरलेल्या भागात शिरत होत्या. पहिला जपानी सैनिक किंवा झेंडा दारावरून जाईपर्यंत तास चालू ठेवायचा, असं त्या सकाळी प्राध्यापकांनी ठरवलं आणि तसंच केलं. हे ऐकून माझ्या अंगावर तेव्हाही काटा आला होता, आजही येतो. आणि हेही खरं, की सांस्कृतिक क्रांतीत परदेशात नातेवाईक असणं हाच संशय ठरला आणि १९७० मध्ये हेच विद्यापीठ बंद पडलं, ते १९७८ पर्यंत. ज्यांना आपली मुलं म्हणून बोलावलं, त्यांच्यावरच डोळा. या दोन्ही गोष्टी एकाच जागेच्या आहेत. त्यांतली एक निवडून तुमच्या हातात द्यायला मला जमत नाही.

मला खरं सांगायचंय ते एका कागदाबद्दल.

मी तिथे भाषेच्या वर्गात होते. वर्गात बहुतेक मुलं इंडोनेशिया, थायलंड, व्हिएतनामची, चिनी वंशाची. पहिल्या दिवशी हजेरीत 'विजाया' ऐकलं आणि मी वळून बघितलं. सुमात्रातल्या मेदानची मुलगी. मी तिला म्हटलं, हे तर आमचं नाव, विजय, संस्कृतातलं! तिनं फक्त मान हलवली. मला वाटलं, लाजाळू आहे.

कँटीनमध्ये मी दोन वाक्यं बोलले की मावश्या कौतुक करायच्या, किती छान बोलतेस गं. ती माझ्यामागे उभी असायची. तिला मात्र विचारायच्या, तोंड आपल्या माणसाचं आणि बोलता कसं येत नाही? तिच्या घरी होक्किएन ही चिनी बोली बोलायचे, मेदानच्या वळणाची. इथल्या प्रमाण चिनीशी ती जुळत नाही. लिपी तर आईवडिलांनाही येत नव्हती, कारण १९६६ ला इंडोनेशियात चिनी शाळा बंद केल्या होत्या. एकदा ती मला म्हणाली, "तुझं कौतुक करतात, माझी लाज काढतात." मी म्हटलं, तू अभ्यास वाढव. होय, मी असं म्हटलं.

ते २०१० चे मार्चचे दिवस होते. त्या दिवसांत ग्वांगझौला भिंतींना घाम फुटतो. समुद्राकडची दमट हवा अजून गार असलेल्या घरांत शिरते आणि फरशी, आरसे, वह्या सगळं ओलं. संध्याकाळी ती माझ्या खोलीत आली आणि प्लॅस्टिकच्या पिशवीतून चौघडी घातलेला एक कागद काढला. त्यावर निळ्या शाईत तीन अक्षरं, मोठी, वाकडीतिकडी. आजोबांचं नाव. त्यांचं गाव शोधायला ती चीनच्याच फूजियान प्रांतात जाणार होती, म्हणून विचारत होती, हे वाचता येईल का, बरोबर आहे का.

पहिलं अक्षर आडनावाचं. हुआंग, म्हणजे पिवळा. मी पुण्यात वर्षभर आणि इथे सहा महिने गिरवलेलं, अकरा रेघांचं अक्षर. तिच्या कागदावर मध्ये एक आडवी रेघ जास्त होती. मी लाल पेन उचललं, ती रेघ खोडली आणि शेजारी नीट अकरा रेघांत अक्षर काढून दिलं. दमट कागदावर लाल शाई पसरली, निळ्यापर्यंत गेली. मला आठवतंय, मी खूश होते.

ती काही बोलली नाही. कागद पंख्याखाली धरून वाळवला, घडी केली आणि गेली.

दुसऱ्या दिवशी मी हौसेनं बाईंना ते सांगितलं. बाईंनी फळ्यावर दोन्ही अक्षरं काढली. बारा रेघांचं जुनं रूप, हाँगकाँग-तैवानला आजही तेच लिहितात. अकरा रेघांचं आपण शिकतो ते. मग हलक्या आवाजात म्हणाल्या, माणसाचं नाव लाल शाईनं लिहीत नाहीत.

मी तिच्या खोलीवर गेले. आजीला लिहिता-वाचता येत नव्हतं, असं तिनं सांगितलं. आजोबांच्या थडग्यावरचं नाव बघून बघून आजीनं ते कागदावर उतरवलं होतं. आजी आता नव्हती. आणि मग तिनं स्वतःच्या नावाचंही सांगितलं. घराण्याचं आडनाव 'उई', हुआंगचाच होक्किएन उच्चार. इंडोनेशियात नावं बदलून घ्या असा सरकारी दट्ट्या आला तेव्हा पुष्कळ उई विजाया झाले. ज्या नावाला मी पहिल्या दिवशी 'आमचं' म्हणाले होते, ते असं आलेलं होतं.

मी माफी मागितली. ती म्हणाली, तुला माहीत नव्हतं. गावाला ती एकटीच जाऊन आली. सापडलं की नाही, मी विचारलं नाही.

तुम्ही प्रचाराचं विचारता तेव्हा माझ्या डोळ्यांपुढे तो कागद येतो. 'तू आमची' असं तिला विद्यापीठ म्हणालं, कँटीनच्या मावश्या म्हणाल्या आणि मीही म्हणाले. मला पक्षानं पाठवलं नव्हतं. न्यू जर्सीहून भाची आली की तिला पाहुण्यांसमोर 'मराठीत बोल ना' म्हणून उभं करणारी मीच. पण म्हणून सरकार आणि मावशी सारखेच, असंही मला म्हणवत नाही. मावशीकडे फायली नसतात. आणि तरीही, ती शाळा नसती तर तिनं आजोबांचं नाव वाचायला शिकायचं कुठे? मेदानमध्ये तिच्या आईला ते कुणी शिकू दिलं नव्हतं.

गेल्या वर्षी तिनं मुलीच्या वहीचा फोटो पाठवला. मुलगी शनिवारी चिनीच्या वर्गाला जाते. पानभर आडनाव गिरवलेलं होतं. मी फोटो मोठा करून रेघा मोजल्या. अकरा.