तुम्ही विचारलंत म्हणून: ह्यांचा हार्टचा कोर्स संपला, आता पूजा-जेवण घालू का?

हा प्रश्न बहुतेक वेळा बायकोच विचारते, तोही शेवटची दोन-तीन सेशन उरली की. "ह्यांचं रिहॅब संपतंय, घरी सत्यनारायण घालून चार माणसं जेवायला बोलावू का? की अजून थांबू?" बायको पेशंट असली की नवरा वेगळ्या वळणाने येतो: "हिला देवीला नेऊन आणू का, नवस बोललोय."

घाला पूजा. बायपास किंवा अँजिओप्लास्टीनंतर आठवड्याला ३ याप्रमाणे १२ आठवडे, म्हणजे रिहॅबची (देखरेखीखालच्या व्यायामाची) ३६ सेशन, शेवटपर्यंत नेटाने करणारे थोडेच. जमलंय तर पेढे वाटाच. सगळ्यांची नजर प्रसादाच्या शिऱ्यातल्या तुपावर असते, पण वाटीभर शिऱ्याने एका दिवसात काही बिघडत नाही. घोटाळा होतो तो पाटावर.

यजमान सकाळपासून उपाशी, सोवळं नेसून दीड-दोन तास मांडी घालून बसलेले. मेटोप्रोलॉल, रामिप्रिल किंवा टेल्मिसार्टन, काहींना लघवीची गोळी; या सगळ्यांनी रक्तदाब मुळातच खाली आणलेला. त्यात बराच वेळ न हलल्याने पायांत रक्त साठलेलं. गुरुजी म्हणतात, "चला, आरतीला उठा," आणि हे ताडकन उठतात. डोळ्यांपुढे अंधारी येते ती इथे. रक्त पातळ ठेवणाऱ्या दोन-दोन गोळ्या चालू असताना चौरंगाच्या कोपऱ्यावर डोकं आपटणं परवडणारं नाही. गुरुजींना आदल्या दिवशीच सांगून खुर्चीवर बसा आणि पूजा टेबलावर मांडा. बहुतेक गुरुजी लगेच मान्य करतात. पाटच हवा असेल तर कथेच्या प्रत्येक अध्यायानंतर पाय लांब करून घोटे १०-१५ वेळा वर-खाली करा. बायपाससाठी ज्या पायातली शीर काढली असेल तो पाय जास्त सुजतो, त्याची मांडी घालूच नका. उठताना आधी गुडघ्यावर या, मग खुर्चीला धरून उभे राहा, मिनिटभर थांबा, मगच हातात आरतीचं तबक. शंख भाच्याला फुंकू द्या. श्वास कोंडून जोर लावला की रक्तदाब झोके खातो.

उपासाचं आणखी एक. मधुमेहाची ग्लिमेपिराइड किंवा इन्सुलिन चालू असेल तर उपाशी राहून साखर उतरते. साखर उतरल्याची धडधड बीटा ब्लॉकरमुळे (मेटोप्रोलॉलसारख्या गोळीमुळे) जाणवत नाही, नुसता दरदरून घाम येतो आणि घरचे म्हणतात, "होमाची धग लागली." त्या दिवशीच्या डोसचं डॉक्टरांना आधी विचारा, नाहीतर सरळ नाश्ता करून पूजेला बसा. हृदयाच्या गोळ्या मात्र "उपाशीपोटी नको" म्हणून पुढे ढकलायच्या नाहीत. सॉर्बिट्रेट लिहून दिली असेल तर ती कुणाकडे आहे हे आधी ठरवा, कारण सोवळ्याला खिसा नसतो. छातीत दाबल्यासारखं झालं तर बसून ५ मिलिग्रॅमची एक गोळी जिभेखाली, उभ्याने नाही. ५ मिनिटांत उतार पडला नाही तर १०८. पाहुण्यांच्या गाडीची वाट बघू नका.

जेवणात गोडापेक्षा मीठ जास्त नडतं. दिवसाचं सगळं मिळून ५ ग्रॅम, म्हणजे सपाट चमचाभर. पापड, लोणचं, मठ्ठा, कुरडई, फरसाण मिळून तो चमचा पहिल्या वाढपातच संपतो. पापडात मिठाशिवाय पापडखार असतो आणि भज्यांत सोडा. सोडियम दोन्हीत आहे. हृदय मुळात अशक्त असलेल्यांना दुसऱ्या दिवशी घोट्यावर सूज, रात्री धाप, असा हिशोब द्यावा लागतो. म्हणून पुरणपोळी एक, तूप बेताचं. पापड-लोणचं ताटाच्या डावीकडे वाढूच नका. आग्रह करणाऱ्या मावशींना तोंड द्यायचं काम जोडीदाराचं. भरल्या पोटी हृदयाला जास्त काम पडतं, तेव्हा जेवून लगेच शतपावलीच्या नावाखाली पाहुण्यांना चौकापर्यंत सोडायला जाऊ नये. जोरात चालायचं तर दोन तासांनी.

समारंभात चुकते ती संध्याकाळची गोळी. रक्त पातळ ठेवणारी टिकॅग्रेलॉर दिवसातून दोनदा असते. रात्रीची राहिली की स्टेंटमध्ये (अँजिओप्लास्टीत बसवलेल्या जाळीत) गुठळी होण्याचा धोका वाढतो. आणि "आता ठणठणीत झालास, कशाला एवढ्या गोळ्या?" म्हणणारा एक काका प्रत्येक घरात असतो. हार्ट अटॅकनंतर स्टेंट बसलेल्यांना रक्त पातळ ठेवणाऱ्या दोन गोळ्या बहुधा वर्षभर असतात. ३६ सेशन झाली म्हणून त्यातला एक दिवसही कमी होत नाही.

नवस फेडायचा तर वणीला पाचशेच्या आसपास पायऱ्या आहेत, पण २०१८ पासून फ्युनिक्युलर ट्रॉलीही आहे. देवी ट्रॉलीने आलेल्यांनाही पावते. लेण्याद्रीला तीनशेच्या आसपास पायऱ्या चढाव्याच लागतात. आधी घरच्या इमारतीचे दोन मजले न थांबता, बोलत-बोलत चढून बघा. ते जमलं तरच तिकडचा विचार, आणि तोही डॉक्टरांना विचारून. सकाळच्या उन्हाआधी निघा, २०-२५ पायऱ्यांनी मिनिटभर थांबा. एक सलग वाक्य बोलता येत नसेल तर वेग जास्त आहे. मनगटावरच्या घड्याळातले ठोके इथे फसवतात, बीटा ब्लॉकरने ते दाबलेले असतात. सेंटरवर ६ ते २० चा जो दमाचा तक्ता दाखवायचे, त्यातले ११ ते १४ एवढंच धरा. जेजुरीला बायकोला उचलून पायऱ्या चढायची नव्या जोडप्यांची हौस आहे. ती दुसऱ्यांदा भागवायला जाऊ नका.

दोन मजल्यांची ही चाचणी आणखी एका प्रश्नाचं उत्तर देते, जो दार लोटून घेतल्यावरच विचारला जातो. छातीत न दुखता, धाप न लागता दोन जिने चढता येत असतील तर शरीरसंबंधाला सहसा हरकत नसते. बायपासनंतर छातीचं हाड सांधायला आठ ते बारा आठवडे लागतात, तोवर हातांवर भार नको. आणि शरीरसंबंधासाठीची सिल्डेनाफिल (व्हायग्रा) घेतली असेल तर २४ तास, टॅडालाफिल घेतली असेल तर ४८ तास सॉर्बिट्रेट किंवा कुठलीही नायट्रेटची गोळी घ्यायची नाही. रक्तदाब जिवावर बेतेल इतका कोसळतो. दवाखान्यात नेलं तर हे आधी सांगायचं, लाजून गप्प बसायचं नाही.

पूजेची तारीख काढताना शेवटच्या सेशननंतरचा रविवार धरा आणि सोमवारी चालायला कुठे, किती वाजता जायचं तेही त्याच कॅलेंडरवर लिहा. सेंटरला जाणं बंद झाल्यावर पहिल्याच महिन्यात व्यायाम सुटतो, कारण हजेरी घेणारं कुणी नसतं. आठवड्याला १५० मिनिटं हवीत: रोज ३० मिनिटं, पाच दिवस, सुरुवातीची आणि शेवटची ५-१० मिनिटं सावकाश आणि ती या अर्ध्या तासाच्या वरची. शेवटची सावकाश मिनिटं चुकवून लगेच बाकावर बसलं की पायांतलं रक्त पायांतच राहतं आणि पाटावरून उठल्यावर येते तशीच चक्कर येते. जोडीने जा, पण वेग पेशंटचा ठेवा.